मोडेमवरून उतरलेला समुद्र

मी मोडेम बोलतोय. माझा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना ‘बोलतोय’ या शब्दाचं हसू येईल. फोनच्या तारेतून घरात इंटरनेट आणायचं माझं काम. ते करताना आधी मी शिट्ट्या मारी, मग घरघरे, मग पत्रा खरवडल्यासारखा ओरडे. शेवटी माझे दिवे लागत आणि घरातली माणसं कानांवरचे हात काढत.

२००१ साली रशीदने मला एका कॉम्प्युटरबरोबर मुंबईहून रत्नागिरीत आणलं. राजिवड्यात, खाडीकडे तोंड असलेलं त्याचं घर. तो जहाजावर खलाशी होता. बंदरांतून त्याला घरी ई-मेल पाठवता यावेत, म्हणून माझी नेमणूक. घरात त्याची आई, जिला सगळे माय म्हणत, आणि बायको हमिदा. ती भूगोल घेऊन बी.ए. झालेली.

रशीदला अधिकारी व्हायचं होतं. सेकंड मेटच्या परीक्षेचे बाकीचे पेपर सुटले होते, पण हवामानशास्त्रात तो दोनदा नापास झाला होता. त्या वर्षी तो रजा घेऊन अभ्यासाला बसला. पुस्तक उघडायचा आणि खाडीकडे बघत राहायचा.

“या खेपेला नाही सुटला, तर परत परीक्षेचं नाव काढणार नाही,” तो म्हणाला.  दुसऱ्या दिवशी सकाळी हमिदाने मला चालू केलं.

शोधता शोधता तिला परदेशातल्या एका संस्थेचे धडे सापडले. अंदाज कसा बांधतात, ढग कसे ओळखायचे, वादळ कसं फिरतं, सगळं चित्रांसकट. पुढे भूकंप आणि ज्वालामुखीसुद्धा.

“फी किती?” रशीदने विचारलं.

“फुकट. नाव लिहायचं आणि शिकायचं.”

“फुकट शिकवून त्यांना काय मिळतं?”

“ते नाही लिहिलेलं,” हमिदा म्हणाली आणि तिने स्वतःचं नाव लिहिलं.

आधी ती शिकली. एकेक चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरे, मधेच लाइन तुटे, मी पुन्हा पहिल्यापासून ओरडे. तेवढ्यात तिचा भात शिजून होई. मायचा मात्र माझ्यावर राग. मी चालू असलो की फोन लागत नसे.

“गो हमिदा, कुवेतवरून माझी लेक फोन करून दमली असेल. सोड ना आता त्याला.”

“एवढं वादळ उतरू दे, माय.”

रशीदचं गाडं नेहमी एका ठिकाणी अडायचं. वादळाचं केंद्र डावीकडे की उजवीकडे? एका दुपारी हमिदाने पडवीत टेबलफॅन लावला आणि नवऱ्याला त्याच्यासमोर उभं केलं.

“वाऱ्याकडे तोंड करा. आता उजवा हात पसरा. आपल्या अर्ध्या पृथ्वीवर वादळाचं केंद्र त्या हाताला.”

“आणि विषुववृत्ताच्या खाली गेलो तर?”

“तर डावा.”

रशीद हात पसरून उभा राहिला. त्या हाताला नेमकी माय सुपात तांदूळ निवडत बसली होती. “म्हणजे मी वादळ काय रे?” तिने विचारलं. तिघंही इतकी हसली की सूप कलंडलं. त्यानंतर रशीद ते कधी विसरला नाही.

निकालाच्या दिवशी तो मुंबईत होता. इथे हमिदा ज्वालामुखीचा धडा उतरवून घेत बसली होती, म्हणजे फोन माझ्याच ताब्यात. शेवटी रशीदने शेजारच्या मालनकडे फोन केला. मालन ओल्या हातांनी धावत आली. “बंद कर तो तुझा डबा, रशीद पास झालाय.” हमिदाने माझी तारच उपटली. इतक्या आनंदात मला कुणी बंद केलं नव्हतं.

रशीद अधिकारी म्हणून पहिल्यांदा जहाजावर गेला. थोड्या दिवसांनी माय आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसली.

“रशीदचा बापही जहाजावर होता,” ती हमिदाला म्हणाली. “मी बंदरावर जाऊन बघायची. पाणी दिसायचं, दुसरं काय दिसणार? तुझ्या यात दिसतं काय?”

हमिदाने उपग्रहाचं ताजं चित्र मागवलं. मी जीव तोडून काम केलं. आधी इराणचा किनारा उतरला, मग ओमान, मग हळूहळू अरबी समुद्र. माय पडद्याजवळ सरकली.

“रशीद कुठे?”

“इथे, सलाला बंदराजवळ.”

“तिथे पांढरं काही नाही.”

“नाही. उघाड आहे, माय.”

मायने पडद्यावरच्या त्या काळ्या पाण्यावर बोट टेकवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग उठून मासे तळायला गेली. त्या दिवसापासून माझ्या ओरडण्याबद्दल तिने तक्रार केली नाही.

पुढे ब्रॉडबँड आलं आणि मी कपाटावर गेलो. हमिदा आता मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते आणि तेच धडे वर्गात दाखवते. माझं इथे बरं चाललंय. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद पडून असेल, तर भंगारात घालण्याआधी त्याच्यावरची धूळ तेवढी पुसा. त्याने तुमच्यासाठी पुष्कळ आरडाओरडा केलेला असतो.

परवाच मायने नव्या यंत्रावर समुद्र मागितला. चित्र क्षणात आलं. ती त्या यंत्राकडे संशयाने बघत राहिली.

“एवढ्यात आलं?” ती म्हणाली. “नीट बघून आलाय ना गो हा?”