गोजाक्कांच्या गिरणीतली बॅटरी

मित्रांनो, नाकं मुरडू नका! मी एक जुनी बॅटरी आहे, अंगावर पोचे आलेत, एक कोपराही गंजलाय. पण मी भंगार नाही. हे मला भांडून मिळवावं लागलंय, म्हणून ठासून सांगते.

चाकणच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि मी लालमहंमदचाचांच्या विजेवरच्या तीनचाकी टेम्पोत बसले. चाकणहून सुटे भाग घ्यायचे, आकुर्डीला पोचवायचे. त्या रस्त्याचे खड्डे, अगं बाई गं! हाडं खिळखिळी झाली, पण वाटेत मी कधी दगा दिला नाही. टेम्पो पुसताना चाचा माझ्यावरही फडकं फिरवत. "राणी आहे माझी," म्हणत. पुढे माझा दम कमी झाला. वाटेतली मोशी यायच्या आतच धाप लागू लागली. चाचांनी टेम्पोला नवी बॅटरी बसवली आणि मी गॅरेजच्या कोपऱ्यात फाटक्या ताडपत्रीखाली पडले. फार वाईट वाटलं हो.

चाचा मात्र मला विसरले नव्हते. पुनावळ्यात गोजाक्कांची छोटी पिठाची गिरणी आहे. छपरावर सौर पॅनेल होती, पण ऊन साठवायला काही नव्हतं. संध्याकाळी वीज गेली की गिरणी बंद, आणि बायका पिठाची पाकिटं विकत घेऊन घरी. चाचांनी माझे कमजोर सेल बदलले आणि मला तिथे नेलं. "गोजाक्का, हिचं धावायचं वय गेलंय, साठवायचं नाही गेलं," ते म्हणाले. दुपारचं ऊन पोटात घ्यायचं आणि वीज गेली की गिरणी फिरवायची, ही माझी नवी नोकरी.

गोजाक्कांचा मुलगा सयाजी कंपनीत कामाला. त्याचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. "टेम्पोनं टाकलेली बॅटरी गिरणी काय ओढणार? आई, दसऱ्याच्या गर्दीत गिरणी अडली, तर ही भंगारात जाणार आणि गिरणीला कुलूप लागणार!"

गोजाक्कांनी पदरानं माझ्यावरचं पीठ पुसलं. गिरणी म्हणजे त्यांचा जीव. मीही मनात म्हटलं, येऊ दे तुझा दसरा!

खंडेनवमीला गोजाक्कांनी गिरणी बंद ठेवली, धुतली, हळदकुंकू वाहिलं, मलाही झेंडूची माळ घातली. मग छपराकडे बघून म्हणाल्या, "ती उन्हाची पानंबी हत्यारच हायेत की. आज हत्यारं निजत्यात. त्यांनीबी इसावा घ्यावा." शिडी लावून त्यांनी पॅनेलवर आपलं धुतलेलं लुगडं पांघरलं. झालं! आदल्या सांजेला सणाचं दळण दळून मी अर्धी रिकामी झाले होते, आणि आता उन्हाचा कणही पोटात जाईना.

दसऱ्याला सकाळीच दारात डब्यांची रांग लागली आणि नेमकी वीज गेली. गिरणी माझ्यावर आली. पुरणपोळीचे गहू पडत होते आणि मी रिती होत होते. टी-टी-टी, धोक्याची शिट्टी वाजू लागली.

"बघ! संपली म्हातारी," सयाजी म्हणाला.

"न्हाई रं, काईतरी चुकतंय. ती अशी हार मानायची न्हाई," गोजाक्का म्हणाल्या.

ते ऐकून मी जिद्दीला पेटले. मला ओरडता येत नाही, नाहीतर लुगड्याचं नाव घेऊन गाव गोळा केलं असतं. मी एकच ठरवलं, शेवटच्या थेंबापर्यंत थांबायचं नाही.

तेवढ्यात चाचा स्वतःचा गव्हाचा डबा घेऊन आले आणि वर बघून थबकले. "गोजाक्का, छपरावर लुगडं वाळत घातलंय काय?"

"आगं बया! काढायचंच राह्यलं की!" गोजाक्कांनी कपाळावर हात मारला.

सयाजी स्वतः शिडी चढला. लुगडं निघालं आणि ऊन माझ्यात धो धो उतरलं. शिट्टी थांबली. गिरणी एकदाही अडली नाही.

मित्रांनो, गाडीतून उतरलेली बॅटरी उकिरड्यावर फेकू नका, उचकटू तर अजिबात नका. आधी जाणकाराला दाखवा. तिच्यात अजून बरंच ऊन मावत असेल.

शेवटचा डबा गेल्यावर सयाजीनं माझ्यावर आपट्याचं पान ठेवलं. तोच, त्यानं आधीच सांगून ठेवलेल्या भंगारवाल्याचा फोन आला, बॅटरी न्यायला कधी येऊ म्हणून.

"नको येऊस, भावा," सयाजी म्हणाला. "ती कामावर आहे."