दोन्ही चालणारा डबा

परत चौकोनच आले. दुकानातल्या टीव्हीवर सिनेमातली बाई नवऱ्याला तावातावाने काहीतरी सुनावत होती आणि खाली, जिथे तिचं बोलणं लिहून यायला हवं होतं, तिथे रिकाम्या चौकोनांची रांग सरकत होती.

"आवाज तर एकदम क्लिअर आहे, काका," दुकानदार म्हणाला.

स्टेनोसाहेबांनी डोळे मिटून घेतले. या माणसाला ते हे तिसऱ्यांदा सांगत होते, आणि तिन्ही वेळा टीव्हीला जोडायच्या वेगवेगळ्या डब्यासाठी. "मला आवाज नको आहे हो. अक्षरं हवी आहेत. मराठी. वाचता येतील अशी."

आता आवाज नको असलेलं गिऱ्हाईक दुकानदाराने तरी कुठे पाहिलेलं असणार? त्याने डबा उलटासुलटा करून बघितला, वायर काढून पुन्हा खोचली आणि चौकोन होते तसेच ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

स्टेनोसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. सगळी नोकरी कोर्टात लघुलेखक म्हणून गेली. साक्षीदार बोलायचा आणि यांची बोटं चालायची. रिटायर झाले, खुर्ची गेली, पण हाक तेवढी चिकटून राहिली. गल्लीतला वाणीही त्यांना स्टेनोसाहेबच म्हणायचा.

बायकोचे कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी दाराची बेल गेली, मग फोन, मग माणसं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की नस कमजोर झाली आहे. यंत्र लावलं तर आवाज मोठा होईल, पण शब्द कळतीलच असं नाही. तसंच झालं. यंत्र लावलं की तिला भांड्यांचा खणखणाट तेवढा ऐकू यायचा, आणि तो तर कानाला नकोच असतो. शेवटी यंत्र ड्रॉवरमध्ये जाऊन पडलं.

पूर्वी जेवणं आटोपली की दोघं सोफ्यावर बसून सिनेमा लावायची. सिनेमा कसला, नटनट्यांची उणीदुणी काढायची आणि त्यातच दिवसभराचं काय असेल नसेल ते बोलून घ्यायचं. आता ती ओटा पुसला की सरळ आतल्या खोलीत जाई आणि भिंतीकडे तोंड करून पडे. स्टेनोसाहेब एकटेच टीव्हीसमोर. त्यांना ते घर खायला उठायचं. तिला पुन्हा सोफ्यावर आणून बसवायचं, बाकी काही नको, असा त्यांनी ध्यास घेतला.

ऑनलाइन सिनेमांना खाली अक्षरं येतात, पण ती इंग्रजी, आणि बायकोचं एक ओळ वाचून होईस्तोवर सिनेमात लग्न होऊन पोर शाळेत जायला लागायचं. मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली. घरच्या हार्ड डिस्कवर जुने सिनेमे होते. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एकेक लावायचा, एकेक वाक्य ऐकायचं आणि मराठीत टाईप करायचं. हात त्याच कामात मुरलेला, त्यामुळे ते झकास जमलं. अडलं ते पुढे. कॉम्प्युटर इतका जुना की त्याची वायर टीव्हीला बसेना, आणि टीव्ही इतका जुना की त्याला हार्ड डिस्क कळेना. मधे एक डबा हवा. हार्ड डिस्कवरचंही दाखवेल आणि ऑनलाइनही दाखवेल असा, आणि पेन्शनीत बसेल असा.

इतकं साधं काम. पण त्याने स्टेनोसाहेबांच्या नाकी नऊ आणले.

पहिला सल्ला अर्थातच जावयाचा. जावई सगळ्यातलाच जाणकार होता. त्याने बोटाएवढी एक पट्टी आणून टीव्हीच्या मागे खोचून दिली आणि हे सगळ्यात स्वस्त आणि मस्त, असं जाहीर केलं. पट्टी चांगली होती, जगातले सगळे सिनेमे दाखवत होती, फक्त तिला हार्ड डिस्क लावायला भोकच नव्हतं. हे दाखवल्यावर जावई हसला आणि म्हणाला, बाबा, फाइली आता कोण बघतं? जावई म्हणून तोंडावर काही बोलताही येईना. स्टेनोसाहेबांनी दात आवळून चहा घेता का विचारलं. बायकोसाठी मोबाइलमध्ये बोललेलं आपोआप लिहून दाखवणारं काहीतरी यानेच टाकून दिलं होतं. दोन माणसं एकदम बोलली की त्यात भलतंच काहीतरी उमटायचं, आणि समोरच्याच्या तोंडाशी फोन धरायची तिला लाज वाटायची. तेही पडून होतं.

दुसऱ्या डब्याला भोक होतं. सिनेमाही लागला. पण अक्षरं म्हणजे चौकोन. तिसऱ्यात अक्षरं आली, पण वेलांट्या एकीकडे, काने दुसरीकडे आणि जोडाक्षरांची तर पार मोडतोड. बायकोने चष्मा पुसून दोन-तीन ओळी बघितल्या, ही कुठली भाषा म्हणून विचारलं आणि आत निघून गेली. आणि आज हा चौथा, पुन्हा चौकोन.

"हे बघा काका," दुसरं गिऱ्हाईक गेल्यावर दुकानदार परत आला आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "ऑनलाइनला हा चांगला, फाइलींना तो चांगला. दोन्हीला चांगला हवा असेल तर तो तुम्हाला परवडणार नाही. कोणासाठी हवंय एवढं?"

स्टेनोसाहेबांनी सांगितलं. कान गेलेत, इतकंच सांगितलं. दुकानदाराने फळीवरून धुळीत पडलेला एक बुटका डबा काढला, त्याच्यात फाइली चालवायचं दुसरंच ॲप घातलं, कुठून तरी मराठी अक्षरं उतरवून आणली आणि तासभर खटपट केली. पडद्यावरची बाई बोलली आणि खाली स्वच्छ उमटलं: तुम्हाला माझी किंमतच नाही. डबा जरा दमाने चालतो, असं दुकानदार म्हणाला. स्टेनोसाहेब म्हणाले, मीही दमानेच चालतो.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला जवळजवळ ओढतच सोफ्यावर आणून बसवलं. सिनेमा सुरू झाला. अक्षरं आली. बायको वाचायला लागली आणि स्टेनोसाहेबांना वाटलं, जिंकलो.

पण थोड्याच वेळात तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. अक्षरांनी पडद्याचा खालचा अर्धा भाग व्यापला होता. नट एकदा "अं" म्हणाला की खाली "अं" येत होतं. खोकला की "खोकतो" येत होतं. मागे कुठेतरी फेरीवाला ओरडला, त्याचीही ओळ होती. आधीची ओळ वाचून होईपर्यंत पुढच्या दोन निघून जात होत्या.

"सगळंच कशाला लिहिलंय?" ती म्हणाली. "मला माणसं दिसतच नाहीत. नुसतं तुमचं टायपिंग दिसतंय."

एवढ्या महिन्यांची मेहनत, दुकानाच्या खेपा, जावयाचं हसू, सगळं एकदम डोक्यात गेलं. त्यांनी रिमोट आपटला. मग टेबलावरचा कागद ओढून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की मला गाळता येत नाही. कोर्टात एक शब्द गाळला असता तर घरी बसवलं असतं. कागद त्यांनी तिच्या नाकासमोर धरला.

तिने तो वाचला. घडी घालून बाजूला ठेवला. तिला राग आला होता हे तिच्या मानेवरून कळत होतं.

"सिनेमातला माणूस खोकला तरी लिहिता," ती म्हणाली. "आणि आज सकाळी फोनवर अर्धा तास बोलत होतात, कोणाचा फोन म्हणून विचारलं, तर काय सांगितलंत? काही नाही. काल शेजारचे येऊन गेले, तुम्ही दोघं हसत होतात. काय झालं विचारलं, तर काही नाही. मुलगी येते, तीही तेच. दिवसभर मी ‘काही नाही’ ऐकते. तेवढं मात्र ओठांवरून मला बरोबर कळतं. सिनेमा नाही कळला तर मरणार नाहीये मी."

ती उठून आत गेली. स्टेनोसाहेब बसून राहिले. फोन तिच्या बहिणीचाच होता. सगळं ओरडून किंवा लिहून परत सांगायचा कंटाळा आला, म्हणून काही नाही म्हणाले होते. पडद्यावर सिनेमा चालूच होता आणि खाली ओळीमागून ओळ येत होती.

रविवारी मुलगी आणि जावई डबा बघायला आले. जावयाने हातात रिमोट घेतला, दोन मिनिटांत डबा स्लो आहे असा निकाल दिला आणि काहीतरी शोधून बघा म्हणाला. रिमोटने एकेक अक्षर निवडत बसायचं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून स्टेनोसाहेबांनी कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढून आणला, डब्याला लावला आणि मांडीवर घेऊन बसले. टीव्हीवर शोधायची लांब पट्टी उघडली होती. जे टाईप करावं ते पट्टीत ठळक उमटत होतं. बायको चहा देऊन सोफ्याच्या कडेला बसली होती.

शोधायचं राहिलं बाजूला. मुलीने आईसमोरच विषय काढला. अलीकडे आई विचारलं एक की सांगते भलतंच. परवा डॉक्टरकडे कधी जायचं विचारलं तर म्हणाली, दूध संपलंय. जावयाने मान डोलावली. वयाप्रमाणे होतं असं, एखाद्या चांगल्या तज्ज्ञाला दाखवून घेऊ, वेळ गेल्यावर काही करता येत नाही, असं तो म्हणाला. दोघं काळजीनेच बोलत होती, नाही असं नाही. पण बोलत होती ती आई तिथे बसलीच नसल्यासारखी. बायको याच्या तोंडाकडून तिच्या तोंडाकडे बघत होती. तोंडावर हसू होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला ते सारखं तयार ठेवावं लागतं.

"काय म्हणतेय ही?" तिने विचारलं.

मुलीने तिच्या हातावर थोपटलं. "काही नाही गं आई."

स्टेनोसाहेबांना काय झालं कोण जाणे. त्यांची बोटं कीबोर्डवर होती आणि ती चालायला लागली. पट्टीत उमटलं: मुलगी म्हणते, आई विचारलं एक की सांगते भलतंच. खाली डब्याने आपलं उत्तर दिलं: काहीही सापडलं नाही. त्यांनी ओळ पुसली. पुढची लिहिताना बोटं क्षणभर थांबली. हे तिला कशाला कळायला हवं, हे गाळलं तर चालेल, असं मनात येऊन गेलं. मग तेही लिहिलं: जावई म्हणतात, वयाप्रमाणे होतं असं, तज्ज्ञाला दाखवू.

"बाबा, काय चाललंय तुमचं?" जावई म्हणाला.

पट्टीत उमटलं: जावई म्हणतात, बाबा काय चाललंय तुमचं.

मुलगी उठून उभी राहिली. "पुसा ते," ती दबक्या आवाजात म्हणाली, आणि तेही वर उमटलं.

बायकोने चष्मा नाकावर नीट केला. एकेक ओळ तिने वाचली होती, घाई न करता. तोंडावरचं हसू गेलं होतं, आणि ते गेल्यावर ती एकदम ओळखीची दिसायला लागली, पूर्वी सोफ्यावर बसून नटांना नावं ठेवायची तेव्हा दिसायची तशी.

"डोकं ठिकाणावर आहे माझं," ती म्हणाली. "कान गेलेत. दूध खरंच संपलं होतं त्या दिवशी. तुम्ही बोलता ते कळत नाही, मग मी अंदाजाने काहीतरी सांगते. सारखं ‘काय, काय’ केलं की तुम्ही वैतागता. मला दिसतं ते." ती थांबली. "अंदाज चुकतो कधी कधी. म्हणून मला वेडं ठरवायला निघालात होय?"

जावयाने कप उचलला, त्यात चहा नव्हता, तरी त्याने तो तोंडाला लावला. बायकोने पट्टीकडे बघितलं. शेवटची ओळ पुसून पट्टी रिकामी झाली होती.

"थांबलात का?" तिने नवऱ्याला विचारलं. "बोला म्हणावं पुढे. मी वाचतेय."

मुलगी आईच्या शेजारी बसली. अगदी हळू म्हणाली, "आई, मला वाटायचं तुला आता आमच्यात रसच राहिला नाही."

तेही स्टेनोसाहेबांनी लिहिलं. एक शब्दही कमी केला नाही. बायकोने वाचलं आणि लेकीकडे वळली.

मुलगी पुढे बोलायला लागली, पण रडायलाच लागली. स्टेनोसाहेबांनी कीबोर्डवरून हात काढून घेतले. बायको पडद्याकडे बघतच नव्हती.