बेंदराच्या रंगातला अॅम्प्लिफायर

मित्रांनो, भोरमध्ये माझ्याहून जुने रेडिओ असतील, टेपरेकॉर्डर असतील, पण ज्याच्या अंगावर बैलाच्या शिंगांचा रंग आहे असा अॅम्प्लिफायर मीच एक. हसू नका. मी काही साधासुधा डबा नाही. सीडी प्लेअरमधून येणारा बारीक आवाज मोठा करून स्पीकरपर्यंत पोचवायचा हे माझं काम, आणि ते मी आजवर इमानाने करत आलो आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे एक यंत्र पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत एकच माणूस जोडत असे. माझं अंग काळंभोर होतं, झाकणावर बारीक फटींच्या रांगा होत्या. पुढे एकाच मापाची, एकाच रंगाची तीन काळी बटणं, आणि त्यांच्या खाली मोहरीएवढी राखाडी अक्षरं. बघणारे म्हणायचे, काय रुबाब आहे! खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा तोरा होता. बघणाऱ्याला डोळे असणारच, असं मला घडवणारे धरून चालले होते, आणि मीही.

मला घरी आणलं ते उपेंद्र वकिलांनी. स्वारगेटहून भोरला येणाऱ्या एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "वकीलसाहेब, खाली ठेवा की, पाय जातील." वकील म्हणाले, "पाय माझे आहेत, जाऊ देत." घरी पोचल्यावर त्यांना जिना चढवेना, पण मला मात्र ओरखडासुद्धा पडला नव्हता.

मग आमची वर्षं सुखात गेली. कोर्टातून आले की वकील हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि माझ्यासमोर बसायचे. ख्याल लागला की दिवसभर अशिलांशी घातलेली हुज्जत त्यांच्या चेहऱ्यावरून उतरत जायची. घरात त्यांचा एकच कायदा होता: मला हात त्यांचाच लागणार. धूळसुद्धा ते स्वतः पुसायचे, मलमलच्या फडक्याने. त्यांची बायको शुभा वेल्ह्याच्या तहसील कचेरीत नोकरीला होती. ती एसटीने थकून यायची आणि स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता जे लागलं असेल ते ऐकायची. एकदा तिने नुसता आवाज कमी करायला हात पुढे केला, तर वकील म्हणाले, "अगं, राहू दे, ते नाजूक असतं." तिने हात मागे घेतला. पुन्हा कधी पुढे केला नाही.

आणि मग वकिलांना काचबिंदू झाला. मित्रांनो, हा आजार पाऊल न वाजवता येतो. त्यांची नजर कडेकडेने मिटत गेली आणि समोरचं जग नळीतून पाहावं तेवढंच उरलं. माझी काळी बटणं आणि मोहरीएवढी अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली. तरी ते अंदाजाने हात घालत. एका दुपारी सीडीचं बटण समजून त्यांनी आवाजाचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं. माझ्या पोटातून असा काही गडगडाट गेला की उजव्या स्पीकरचा पडदा फाटला. शुभा धावत आली. वकील भिंतीला टेकून उभे होते.

स्पीकर पुण्याहून दुरुस्त होऊन आला, पण वकिलांनी मला पुन्हा हात लावला नाही. माझ्यावर अभ्रा पडला. शुभा दोनदा म्हणाली, "मी लावून देऊ का?" ते म्हणाले, "रोज कुणाच्या तोंडाकडे बघून गाणं ऐकायचं? त्यापेक्षा नको." माणूस घरात बसून होता, पुढ्यात मी होतो, आणि घर मुकं होतं. मला फार वाईट वाटायचं. अभ्र्याखाली राहून यंत्र टिकतं म्हणतात. टिकत असेल, पण त्याला जगणं म्हणत नाहीत.

रंगाचं सुचलं ते शुभाला. कचेरीचे बोर्ड रंगवायला वेल्ह्याचा भिमा पेंटर यायचा. टेम्पोच्या पाठी, देवळाची दारं आणि बेंदराच्या सणाला साऱ्या खोऱ्यातल्या बैलांची शिंगं तोच रंगवायचा. "त्याच्या रंगातले बैल तोरण्याच्या उतारावरून खालच्या रस्त्यापर्यंत ओळखू येतात," ती म्हणाली. "गर्द निळ्यावर पिवळं बटण असलं तर तुम्हाला दिसेल."

वकील खवळले. "ह्याच्यावर ऑइलपेंट? उद्या माझ्या कोटाला चुना लावशील. अशा वस्तूचा मूळ रंग गेला की तिला जगात कुणी विचारत नाही."

"आता कोण विचारतंय?" शुभा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी वकील म्हणाले, "बोलव त्याला."

भिमा आला आणि मला बघून म्हणाला, "बाई, ह्यो तर नुस्ता कोळसा हाय. कुठं काय हाय त्ये कळंल कसं मानसाला?" उभा जन्म मी ज्याचा तोरा मिरवला, त्याला एका वाक्यात कोळसा ठरवलं! पण भिमाचा हात मात्र खरा होता. अंगणातल्या सावलीत त्याने माझं झाकण आणि बटणं काढली, पॉलिश पेपरने घासली, प्रायमर दिला. मग निळ्या इनॅमलचा एक हात, तो वाळला की दुसरा, वर तिसरा. आवाजाचं बटण पिवळं केलं, सीडी-रेडिओ निवडायचं पांढरं आणि चालू-बंदचं लाल. त्यावर त्याने शिंगांवर टिपके देतात तसे टिपके दिले, थेंबावर थेंब सोडून, वाळवून, पुन्हा सोडून. पिवळ्यावर एक, पांढऱ्यावर दोन, लालवर तीन. बोट फिरवलं की उंचवटे लागत होते. "दिसलं न्हाई तरी हाताला घावंल," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी वकिलांनी माझ्यासमोर बसून बोटं फिरवली. पिवळा रंग त्यांना दिसला. खरंच दिसला! त्यांनी स्वतःच्या हाताने सीडी घातली, लाल बटण दाबलं, पांढरं वळवलं, पिवळं जपून, अगदी जपून फिरवलं, आणि तानपुरा वाजू लागला. शुभा पदर तोंडाला लावून दारात उभी होती.

पण माझा जीव कोंडू लागला होता. अंगातली ऊब बाहेर जाईना. राग भरात आला आणि मी इतका तापलो की माझा मीच बंद पडलो. खोलीभर रंगाचा उग्र वास सुटला.

वकील म्हणाले, "संपलं. म्हटलं होतं मी." शुभाने माझ्यावर पुन्हा अभ्रा घातला, आणि तो घालताना तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या निळ्या रंगावर पडलं. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की बाई, मी मेलेलो नाही, मला फक्त वारा पाहिजे.

सकाळी निरोप मिळाला तसा भिमा पहिल्या एसटीने आला. घाबराघुबरा होऊन म्हणाला, "सायेब, रंग तर म्या लई जपून दिलाय." वकिलांनी अभ्रा काढला. मी किती तापलो होतो ते आठवून त्यांनी माझ्या झाकणावर तळवा ठेवला, आणि तो तळवा तिथेच थांबला. त्यांनी तो इकडून तिकडे फिरवला. झाकण काचेसारखं गुळगुळीत होतं.

"भिमा, इथल्या फटी कुठं गेल्या?"

"बुजवल्या की."

"बुजवल्या?"

"व्हय. लांबी-पुट्टी भरून, घासून, साफ केल्या. फटी तशाच ठेवून रंग द्यायचा व्हय? लोक म्हनतील भिम्यानं काम चोरलं."

पेंटर लोकांची रीतच ती. दाराला, खिडकीला, टेम्पोच्या पत्र्याला जिथे फट दिसेल तिथे आधी लांबी भरायची आणि मग रंग द्यायचा. जो भरत नाही तो आळशी. भिमाने माझ्यावर माया केली होती, फाटकं लुगडं शिवावं तशी माझ्या नाकातोंडाची भोकं शिवून टाकली होती.

वकील हसायला लागले. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसले, अगदी डोळे पुसावे लागले इतके. "अरे बाबा, ह्याला तिथून वारा लागतो. बैलाच्या नाकपुड्या बुजवशील का तू?"

भिमाचं तोंड उतरलं. "चुकलं, सायेब. आत्ता मोकळ्या करतो."

झाकण उतरवून तो अंगणात बसला आणि बारीक पात्याने एकेक फट कोरू लागला. वकील त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले. ज्या माणसाने मला कुणाला शिवू दिलं नव्हतं, तो आता भिमाच्या बोटांमागोमाग आपली बोटं फिरवत होता. "ही अजून अर्धीच उघडलीय." "हां, सायेब." "आता झाली." शुभाने दोघांना चहा आणून दिला. झाकण पुन्हा बसलं तेव्हा कडेचा रंग जरा ओबडधोबड झाला होता, पण माझ्या अंगातून वारा खेळला. त्या दिवशी मी दुपारभर वाजलो आणि थकलो नाही.

यावर माझं आत्मवृत्त संपवलं असतं, पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

एका दुपारी वकील आतल्या खोलीत आडवे झाले होते. शुभा हात पुसत माझ्यासमोर आली. इकडेतिकडे बघून तिने कपाटातल्या साड्यांखालून एक सीडी काढली. लावण्यांची! मग तीन टिपक्यांचं बटण दाबलं, दोन टिपक्यांचं वळवलं, आणि ढोलकी कडाडली. ती दचकली, पण तिने मला बंद केलं नाही. पदर खोचून ती खुर्चीत बसली, वकिलांच्याच खुर्चीत.

वकील भिंत चाचपत दारात आले. "कुणी लावलं?"

"मी."

"हे तुला आवडतं?"

"पहिल्यापासून."

"मग कधी बोलली नाहीस?"

शुभा म्हणाली, "तुम्ही हात लावू देत नव्हतात. मग आवड सांगून काय करायचं?"

वकील दाराला धरून लावणी संपेपर्यंत उभे राहिले. आपली नजर गेल्यावर गाण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं जे आपल्याला काही महिने सोसवलं नाही, ते या बाईने डोळे शाबूत असताना सारा संसारभर सोसलं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा फार उतरला होता. मग ते चाचपत आले आणि तिच्या पायांशी सतरंजीवर बसले. ती उठू लागली तर म्हणाले, "बस तू. पुढची लाव."

मित्रांनो, घरात मोलाची वस्तू असेल तर तिला जरूर जपा. पाण्यापासून जपा, धुळीपासून जपा, तिच्या फटी बुजवू नका. पण घरातल्या माणसाच्या हातापासून तिला जपू नका. ओरखडा पडला तर त्यावर रंग देता येतो. मागे घेतलेला हात पुन्हा पुढे यायला मात्र फार वर्षं लागतात, आणि प्रत्येकाच्या घरी तेवढी वर्षं शिल्लक असतातच असं नाही.