वजा केलेला गाळ

आई गेली त्याच्या आदल्या दिवशीही मायलेकींचं वाजलंच. कारण नेहमीचंच, गाळ.

आईचा जन्म नद्यांचा गाळ तपासण्यात गेलेला, लेक समुद्रवाली. समुद्रातले सूक्ष्म जीव मेले की त्यांचे कण तळाकडे जाताना कार्बन सोबत नेतात. किती नेतात, हे लेकीचं संगणकातलं मॉडेल सांगायचं. नदीमुखापाशी मात्र ते तोंडावर आपटे. मोजलेला कार्बन हिशेबापेक्षा फार खोल पोचलेला निघे.

"पोचणारच," मटार सोलता सोलता आई म्हणाली. "माती तू आधीच वजा करतेस. मग त्या हलक्या कणांना ओझं कोण देणार? तुझी मावशी?"

"मावशीला कशाला ओढतेस? त्या मातीत मोजण्याइतका कार्बन नसतो, आई."

"दगडातही धान्य नसतं. पण पोत्यात घाल, पोतं बुडतं की नाही बघ."

लेकीला हसू आलं. पण हार मानेल ती तिची लेक कसली! "बघू," एवढंच म्हणाली.

"बघ. माझ्या हयातीत बघ म्हणजे झालं."

दुसऱ्या सकाळी आई उठलीच नाही.

लेक कामावर परतली तेव्हा निष्कर्ष पाठवायची घाई चालली होती. "नदीमुखं वगळू या," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "समुद्र काय थोडका आहे?"

"वगळायचं नाही," ती म्हणाली. "गाळ घालायचा."

मॉडेलात गाळ घातला. कार्बन खोल गेला, पण आता जरा जास्तच खोल. मग तिने प्रयोगशाळेतल्या उंच काचनळीत समुद्राचं पाणी भरलं आणि चिमूट चिमूट माती सोडली. थोड्या मातीने कणांचे पुंजके जड होऊन झरझर खाली गेले. माती फार झाली तेव्हा त्यांचे बारीक तुकडे पडले आणि ते मध्येच रेंगाळले. ही मर्यादा मॉडेलात शिरली आणि पडद्यावरची रेघ मोजमापावर अलगद जाऊन बसली.

"नदीचा गाळ कुठून सुचला?" प्रमुखांनी विचारलं.

"घरून."

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. आईची सोलायची परात तिथेच होती.

"ओझं लागतं, आई. पण बेतानं," ती मोठ्याने म्हणाली. "म्हणजे अर्धा विजय तुझा. फुशारून जाऊ नकोस."

तिने परात जवळ ओढली.

"तुझ्यापासून लांब जायचं म्हणून मी समुद्र धरला, असं तुला वाटायचं ना? अगं, तुझ्या नदीच्या मागेमागेच तर तिथवर गेले मी."