सुतकातलं एरंडेल

कृष्णकांतच्या बायकोला, मंगलाला, जाऊन तिसरा दिवस होता आणि घरातलं तेल कपाटात कुलपात होतं. सुतकात तेल वापरायचं नाही, म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीने, माईने, किल्ली कमरेला खोचली होती.

कृष्णकांतला तेल अंगाला नको होतं, जुन्या कॅमेऱ्याच्या भात्याला, भिंगामागच्या चामड्याच्या घडीदार नळीला, हवं होतं. सातपाटीला नव्या होडीचा फोटो काढायला तो गुडघाभर पाण्यात उभा असताना बायको गेल्याचा निरोप आला आणि हातातला कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडला. दुसऱ्या सकाळी त्याने भाता गोड्या पाण्याने पुसला. आता चामडं सुकत आलं होतं. ओल आहे तोवर एरंडेल मुरवलं नाही तर घड्या तडकणार, उजेड आत शिरणार आणि पालघरच्या बाजारातलं त्याचं फोटोचं दुकान बसणार. तसला जुना भाता आता कुठे मिळत नव्हता. दोन घड्यांवर ठिगळं होती, जुन्या बुटाच्या चामड्याची. ती मंगलाने लावली होती. तेलही तीच चोळायची.

"माई, किल्ली दे. भात्याला तेल लावायचंय."

"सुतक हाय, किस्ना."

"मला हाय. कॅमेऱ्याला नाय."

ओटीवर भावकीतले वडीलधारे धर्माजी बसले होते. ते म्हणाले, "घरातलाच ना तो? दहावं झालं की लाव."

"तोवर लाकूड होईल त्याचं, काका."

"होऊ दे. पिंडाला कावळा शिवला नाय तर काय करशील?"

"ती तापाने फणफणली तेव्हा तुमची बैलगाडी मागितली. तुमी म्हणालात, बैल दमलेत. माई, तुला सांगावा धाडला, तू आली नायस. जित्या माणसासाठी एक नियम नाय तुमच्याकडे. मेल्यावर सगळे पाठ."

"दुःखात बोलतोय," धर्माजी माईला म्हणाले. "मनावर घेऊ नको."

या समजूतदारपणाने कृष्णकांत जास्तच भडकला. त्याने पक्कड आणली, कपाटाची कडी उचकटली आणि बाटली घेऊन मुद्दाम ओटीवरच, धर्माजींच्या समोर बसला.

धर्माजींनी वहाणा पायात घातल्या. "दहाव्याला आमच्यातलं कोण येणार नाय."

"नका येऊ."

ते गेले. कृष्णकांतने भाता ताणून धरला आणि बाटली कलती केली. तेल घडीत भसकन सांडलं. हे काम त्याने कधी केलंच नव्हतं.

"एवढं नको," दारातून माई म्हणाली. "ती नुसतं बोट भिजवायची. मग घडी उलगडून आतून चोळायची."

"तुला कसं ठाऊक?"

"दिवाळीला आले होते ना, तेव्हा शेजारी बसून बघत होते."

"बघत होतीस," कृष्णकांत म्हणाला, "आणि तरी किल्ली खोचून बसलीस."

माई जुनं फडकं घेऊन खाली बसली आणि सांडलेलं तेल टिपू लागली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. बोट भिजवलं आणि पहिली घडी उलगडली.