दुसरी बुडी

हिल्कीयाच्या तेलाला अंत्युखिया शहरात तोड नाही, असं तो स्वतःच सांगायचा. गिऱ्हाइकंही सांगायची, पण त्यांना चवीपेक्षा शुद्धतेचं कौतुक होतं. जैतुनाचं फळ झाडावरून उतरल्यापासून बुधल्याचं तोंड बंद होईपर्यंत यहुदी हाताखेरीज दुसरा हात त्याला लागत नसे. घाण्यावरच्या गड्यांनी आधी बुडी मारून मगच कामाला लागावं, म्हणून त्यानं घराच्या पोटात खडक फोडून पायऱ्यांचं कुंड करून घेतलं होतं. सगळी हयात त्यानं आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवण्यात घालवली होती. घर उभं होतं ते त्यावरच.

असा हा माणूस येशूच्या मंडळीत शिरला, आणि दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आपल्याच मोठ्या खोलीत यहुदी, ग्रीक, सुरियाणी अशा सगळ्यांना एका चटईवर बसवून एका परातीतून जेवू लागला. याचं सगळ्यात जास्त नवल त्याला स्वतःलाच वाटायचं. यहुद्यांच्या सभास्थानातल्या काही गिऱ्हाइकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. काहींनी नाकं मुरडली आणि मागच्या दारानं तेल नेत राहिली.

त्या चटईवर त्याच्या शेजारची जागा अम्मियाची. अम्मिया सुरियाणी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी बाहेरची. हिल्कीयाची बायको तिर्साला जन्म देऊन गेली, तेव्हा चुन्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या झब्दाची ही बायको, नुकतंच स्वतःचं मूल पुरून आलेली, दारात उभी राहून म्हणाली होती, "पोर रडतंय. इकडे द्या." त्या दिवशी आतलं-बाहेरचं कुणाला आठवलं नाही. तिर्सा तिच्या दुधावर वाढली, आणि लग्नाची झाली तरी तिला मायच म्हणायची. पुढे झब्दाचे डोळे चुन्यानं गेले, बोटं भाजून आखडली. तेव्हापासून अम्मिया त्याला हातानं भरवत होती. परातीतला एक घास त्याला, एक स्वतःला, असं त्या दोघांचं जेवण चालायचं, आणि मधूनमधून भांडणही.

यरुशलेमाहून मत्तन्या आला तो आपल्या पुतण्याला, नाहूमला, घेऊन. मत्तन्याही येशूचाच माणूस. नाहूम गेल्या हंगामात तेल न्यायला आला होता तेव्हा कोठारात तिर्साशी दोन शब्द बोलला होता. दोनाचे किती झाले ते बुधल्यांनाच ठाऊक. आता सोयरिकीचा शब्द पक्का करायचा होता. हिल्कीयाच्या मनावरचा धोंडा उतरणार होता, कारण त्यानं पंगत एक केल्यापासून शहरातल्या एकाही यहुदी घरानं तिर्साला मागणी घातली नव्हती. पोरीनं कधी तोंडातून अक्षर काढलं नाही. नाहूमचं नाव निघालं की मात्र ती हातातलं भांडं दोनदा घासायची.

मत्तन्या वाईट माणूस असता तर फार बरं झालं असतं. वाईट माणसाला दार दाखवता येतं. हा म्हातारा प्रेमळ होता. वाटेत उपाशी राहून त्यानं तिर्सासाठी अंजिरांची ढेप जपून आणली होती.

"हिल्कीयाभाऊ, तुमच्या चटईवर कोण कोण बसतं ते मला बंदरावरच कळलं," तो म्हणाला. "मी तुम्हाला नावं ठेवत नाही. पण मला परत जाऊन तिथंच राहायचंय. आमच्याकडची तरणी पोरं अंगरख्यात सुरे घेऊन फिरतात. बाहेरच्यांच्या ताटात जेवणाऱ्याची लेक आम्ही केली असं कळलं, तर माझ्या भावाच्या दाराला कडी राहणार नाही."

"मग काय करू म्हणता?"

"फार काही नाही. आज संध्याकाळी आपण आत बसू, ते अंगणात बसतील. भाकर तीच, प्रार्थना तीच. चटया तेवढ्या दोन."

हिल्कीया हो म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की नंतर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण घोडं अडलं ते तिर्सापाशी. माय शेजारी नसेल तर मी शब्द घेणार नाही, असं तिनं आतूनच सांगितलं, आणि तिचं एकदा ठरलं की ठरलं. हिल्कीया पुरता कात्रीत सापडला.

वाट काढली ती मत्तन्यानंच. "बाई माणूस आहे ना? मग काळजी कसली? पुरुष असता तर सुंता आली असती. बाईला एक बुडी पुरते. तुमच्या घरात कुंड आहे, साक्षीला आपण तिघं आहोत. बुडी मारली की ती आपली, यहुदी झाली. बसू दे तिला पोरीच्या शेजारी."

तिसरा म्हणजे मत्तन्याच्या सोबतीला आलेला एक अबोल म्हातारा. त्यानं मान डोलावली.

हिल्कीयाचा जीव भांड्यात पडला. तो अंगणात गेला. अम्मिया मसूर निवडत बसली होती आणि भिंतीला टेकून झब्दा ऊन खात होता.

"अम्मिया, एक छोटंसं काम होतं."

"तुम्ही छोटंसं म्हणालात म्हणजे माझी कंबर मोडणार."

त्यानं सांगितलं. सांगताना तो मसुरीकडे बघत होता. अम्मियाचा हात सुपातच थांबला.

"बुडी? मी तर घेतलीय की. तुम्हीच घातलीत, नदीत, येशूच्या नावानं. हिवाळा होता, माझे दात वाजत होते. वर काढून काय म्हणालात, आठवतं?"

हिल्कीयाला आठवत होतं. न आठवतं तर बरं झालं असतं.

"म्हणालात, विश्वास ठेवलास, झालं. आता तुझ्याकडून काही बाकी नाही. भाऊ, मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत रडत होते. आयुष्यभर ज्याच्या त्याच्या दारात माझ्याकडून काही ना काही बाकीच असायचं. देवळात गेलं तरी पुजारी आधी हातांकडे बघायचा. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, काही बाकी नाही."

"ते खरंच आहे, अम्मिया."

"मग ही कशाला?"

"लोकांसाठी. वरवरची."

"वरवरचीच हवी असेल तर डोक्यावर घागर ओतून घेते. त्याला साक्षीदार कशाला लागतात?"

झब्दानं कान टवकारले होते. "आणि मला? मलाही बुचकळणार का?"

"तुमचं वेगळं आहे, झब्दाबाबा. पुरुषांना सुंता असते."

"या वयात?" झब्दा म्हणाला. "डोळे गेले, बोटं गेली. उरलंसुरलं तरी राहू द्या, भाऊ."

अम्मियाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण स्वयंपाकघराच्या दारात तिर्सा येऊन उभी होती. तिनं केस विंचरले होते आणि आईचे कानातले घातले होते. काय चाललंय ते तिला नीटसं ठाऊक नव्हतं. अडचण सुटतेय एवढंच तिच्या कानावर आलं होतं, आणि तेवढ्यानंच तिचा चेहरा उजळला होता. अम्मियानं तो चेहरा पाहिला. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"पोरीसाठी घेते," ती म्हणाली. "तुमच्या साक्षीदारांसाठी नाही."

कुंडाच्या वरच्या पायरीवर तिघं पुरुष पाठ फिरवून उभे राहिले. खाली तिर्सा आणि शेजारची एक म्हातारी अम्मियाबरोबर उतरल्या. जागा अरुंद होती. हिल्कीयाचं नाक समोरच्या दगडापासून वीतभर अंतरावर होतं आणि मत्तन्याचा खांदा त्याच्या खांद्याला घासत होता. मत्तन्यानं मोठ्यानं विचारलं, यहुदी नियमशास्त्राचं जू घेतेस का? खालून अम्मिया घेते म्हणाली. ज्या आवाजात ती बाजारात कांद्याचा भाव विचारायची, त्याच आवाजात. मग पाण्याचा आवाज झाला.

हिल्कीयाच्या मनात प्रश्न उठले. ही जर आज आत येतेय, तर गेल्या आठवड्यापर्यंत आपल्या शेजारी बसून भाकर मोडणारी ती कोण होती? नदीतली बुडी तिला पुरली नसेल, तर ती घालणाऱ्याला तरी कशी पुरली? आपणही त्याच एका शब्दाच्या भरवशावर उभे आहोत, तो शब्द तिच्यासाठी खोटा आणि आपल्यासाठी खरा कसा असेल? ओरडावं आणि थांबवावं, असं त्याला वाटलं. पण वर नाहूम जिन्याच्या तोंडाशी थांबला होता, आणि खालून तिर्साचा आवाज आला, "पूर्ण बुडाली, केससुद्धा."

"आजपासून ही आपली," मत्तन्या म्हणाला. अबोल म्हाताराही तेच म्हणाला. मग दोघंही हिल्कीयाची वाट बघू लागले.

"आपली," हिल्कीया म्हणाला. माशाचा काटा अडकावा तसा तो शब्द त्याच्या घशातच राहिला.

संध्याकाळी खोलीत एक चटई पसरली आणि अंगणात दुसरी. गवंडी, कुंभार, एका ग्रीक शिक्षकाची विधवा, सगळे येऊन निमूट बाहेर बसले, जसे कुणाच्या मयताला आले असावेत. त्यांनी भांडण केलं असतं तर हिल्कीयाला तोंड तरी उघडता आलं असतं. आत तो मत्तन्या आणि भिंत यांच्यामध्ये बसला होता. समोर तिर्सा, तिच्या शेजारी ओल्या केसांची अम्मिया. नाहूमनं एकदा वर पाहिलं, तिर्सानं खाली पाहिलं, आणि मत्तन्या समाधानानं हसला. प्रार्थना झाली. मत्तन्यानं भाकर मोडली. एक परात आत ठेवली, एक बाहेर गेली.

अम्मियानं सवयीनं भाकरीचा तुकडा मसुरीत भिजवला आणि ती उठली.

"कुठे निघालात, बाई?" मत्तन्यानं विचारलं.

"ह्यांना भरवायला."

मत्तन्यानं अगदी हळू, समजावणीच्या सुरात सांगितलं, "आता नाही. आता तुम्ही आपल्या झालात. त्यांच्या पंगतीत हात घालायचा नाही."

"तो माझा नवरा आहे."

"आहेच ना. त्याची सुंता होऊ द्या. मग बसा की शेजारी, कोण अडवतंय?"

अम्मिया भिजलेला तुकडा हातात धरून उभी राहिली. मसुरीचा थेंब तिच्या मनगटावरून ओघळला. तिनं हिल्कीयाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यानं तो गिळला असता. पण परक्या गावात एखाद्याला वाट विचारावी, तसं ती पाहत होती.

तेव्हा कुठे हिल्कीयाच्या डोक्यात लख्ख उजाडलं. भिंत पाडायची म्हणून तो मंडळीत आला होता. आज दुपारी त्यानं ती भिंत उचलून नवरा-बायकोच्या मध्ये नेऊन ठेवली होती, आणि वर 'आपली' म्हणून साक्ष दिली होती.

अंगणातून झब्दाचा आवाज आला. "काय गं, भाकर आली म्हणतात ना? कुठे आहेस तू?"

बाहेर कुंभारानं एक घास त्याच्या ओठांपाशी नेला. झब्दानं वास घेतला आणि मान वळवली. "तिला येऊ दे," तो म्हणाला, आणि तोंड किंचित उघडं ठेवून बसून राहिला.

अम्मिया खाली बसली, कारण तिर्सानं तिचा पदर धरला होता. पोरीची बोटं पांढरी पडली होती. ती कुणाकडेच पाहत नव्हती. खोलीत कुणी जेवत नव्हतं आणि कुणी उठतही नव्हतं.

हिल्कीया उठला. मत्तन्याच्या गुडघ्याला त्याचा पाय अडला, भिंतीला कोपर घासलं. वाकून त्यानं मधली परात उचलली.

"हिल्कीयाभाऊ," मत्तन्या म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, आणि तो रागानं नव्हता. "उंबरा ओलांडलात तर मला शब्द देता येणार नाही. माझ्या हातात ते नाही हो."

तिर्साकडे पाहिलं असतं तर हिल्कीयाला पुढचं पाऊल टाकता आलं नसतं. म्हणून त्यानं पाहिलं नाही. पोरीला न विचारता तिचं नशीब हातात घेऊन चाललोय, हे त्याला कळत होतं, आणि याची माफी तिच्याकडे कधी मागायची हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं उंबरा ओलांडला.

अंगणातल्या चटईवर लोक सरकले. हिल्कीया झब्दासमोर बसला, भाकर मोडली, मसुरीत बुडवली आणि त्याच्या तोंडात घास घातला. झब्दानं या वेळी मान वळवली नाही. पोटात आग पडली होती म्हणून असेल, किंवा हाताला जैतुनाच्या तेलाचा ओळखीचा वास होता म्हणून. पुढचा घास त्याच परातीतून हिल्कीयानं स्वतःच्या तोंडात घातला. तो घशातल्या त्या काट्यावरून खाली उतरला.

आत वहाणांचे बंद बांधल्याचा आवाज झाला. दोन म्हातारे अंगणाच्या कडेकडेनं बाहेर पडले. मत्तन्याचे डोळे ओले होते. नाहूम दाराशी रेंगाळला, काकानं हाक मारली, आणि तो गेला. मग अम्मिया बाहेर आली. तिच्या मागून तिर्सा आली. तिनं कानातले काढले होते आणि ते मुठीत घट्ट धरले होते. बापाकडे पाठ करून ती अम्मियाच्या खांद्यात तोंड लपवून बसली आणि आवाज न करता रडू लागली. हिल्कीयाला ती पाठ दिसत होती. त्यानं दुसरा घास भिजवला.

"आज घास मोठे आहेत," झब्दा चावत चावत म्हणाला. "अन् मसूर दाढीत सांडतेय. कुणाचा हात आहे हा?"

"माझा. हिल्कीयाचा."

झब्दा चावायचा थांबला. त्याची भाजलेली बोटं चाचपडत पुढे आली आणि त्यांनी हिल्कीयाचं मनगट पकडलं.

"भाऊ, हात धुतलेत का?"

हिल्कीयानं आपल्या हाताकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तो विसरला होता.

"नाही," तो म्हणाला.

"बरं," झब्दा म्हणाला, आणि त्यानं पुन्हा तोंड उघडलं.