मरिसाचं वाचन

“परत एकदा,” जोकिम म्हणाला. दुबईतल्या अल कुसैसहून गाडी निघाल्यापासून त्याचं हेच चाललं होतं.

मागच्या सीटवर त्याच्या लेकीने, मरिसाने, मांडीवरचा कागद सारखा केला आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. आवाज खणखणीत, थांबे जिथल्या तिथे, एकही जोडाक्षर घसरलं नाही. परक्या मुलखात राहणाऱ्यांना देव धीर देतो, अशा अर्थाचा तो उतारा होता. जोकिम रस्ता सोडून आरशातच बघत राहिला आणि पुढच्या टॅक्सीवर आदळता आदळता वाचला.

“अहो, समोर बघा!” शेजारी बसलेली त्याची बायको रोझलिन ओरडली.

“बघतोय, बघतोय. पण तू ऐकलंस ना? कुठे अडली? आणि ती मिस म्हणते, पोरीला वाचायचा प्रॉब्लेम आहे. यल्ला, आज सगळ्यांना कळू दे.”

रोझलिनने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. हा सगळा उतारा तिनेच स्वयंपाक करता करता मोबाइलमध्ये बोलून दिला होता आणि पोरीने तो कानात इयरफोन घालून, शाळेच्या बसमध्ये, जेवताना, आंघोळीला जाताना ऐकून ऐकून घोटला होता. मरिसाच्या मांडीवरच्या कागदाची कोरी बाजू वर होती. जोकिमला आरशातून तेवढं दिसत नव्हतं.

जोकिम डाबरे हा वसईजवळच्या गासचा. दुबईत आला तेव्हा हॉटेलात ग्लास पुसायचा, आता त्याच हॉटेलात बँक्वेट सुपरवायझर होता. लग्नाच्या जेवणावळी, कंपन्यांच्या पार्ट्या, शेखांच्या मेजवान्या, सगळं त्याच्या एका इशाऱ्यावर चालायचं. या वर्षी त्याच्या दुबईतल्या वास्तव्याला पंचवीस वर्षं पुरी झाली. आणि इथल्या वसईकरांची एक रीत आहे. ऊद मेथाच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा त्यांची मराठी मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना होते, आणि तिच्यातलं बायबलचं पहिलं वाचन ज्या घरात त्या वर्षी काही मोठं घडलं असेल त्या घराला मिळतं. मान मोठा. जोकिमने तो स्वतः घेतला नाही, लेकीला दिला. लोक म्हणाले, काय बाप आहे! खरं कारण वेगळं होतं.

महिन्यापूर्वी शाळेत बोलावणं आलं होतं. मरिसा नववीत. सायन्सचे सर तोंडी विचारायचे तेव्हा हिचा हात सगळ्यांत आधी वर, आणि पेपरात मात्र निम्मी पानं कोरी. सर चक्रावले आणि त्यांनी तिला मुग्धा मिसकडे पाठवलं. मुग्धा मिस पुण्याच्या. ज्या मुलांना शिकताना अडचण येते त्यांच्याबरोबर काम करायच्या. त्यांनी मरिसाच्या चाचण्या घेतल्या, मग आई-बापाला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, “मरिसाला डिसलेक्सिया आहे.”

“म्हणजे मंद?” जोकिमने विचारलं.

“अजिबात नाही. उलट हुशार आहे म्हणून तर इतकी वर्षं खपून गेलं. ऐकलेलं सगळं तिच्या लक्षात राहतं. लिहिलेलं वाचायला मात्र तिला इतरांपेक्षा फार जास्त कष्ट पडतात. दहावीच्या बोर्डाला तिला जादा वेळ मिळू शकतो, प्रश्न वाचून दाखवणारं माणूस मिळू शकतं. फक्त तुमची संमती लागेल, आणि ती लवकर हवी.”

“आणि मग शाळेत तिला काय म्हणणार?”

“इथे अशा मुलांना स्टुडंट ऑफ डिटरमिनेशन म्हणतात, जिद्दीचा विद्यार्थी.”

“नाव गोड दिलंत, मिस. पण शिक्का तो शिक्काच.” जोकिम उठून उभा राहिला. “आमच्या घराण्यात असलं काही नाही. आळस आहे, मोबाइल आहे, बाकी काही नाही. आमच्या मिस्सेत ही सगळ्यांसमोर वाचेल. नीट वाचलं, की हा विषय खलास. परत माझ्यासमोर काढायचा नाही.”

मरिसा तिथेच बसली होती. तिच्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला वाईट वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं! जे तिला पहिलीपासून छळत होतं त्याला नाव होतं. लोक म्हणतात, या मुलांना अक्षरं नाचताना दिसतात. तिची काही नाचत नव्हती. तिला प्रत्येक शब्द पहिल्यांदाच भेटल्यासारखा वाटायचा, कालच भेटलेला असला तरी. तो सोडवून पुढच्याकडे जावं, त्याला सोडवून त्याच्या पुढच्याकडे, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात सांडून गेलेली. भरलेली बादली घेऊन जिना चढावा आणि वर अर्धीच पोचावी, तसं. इंग्रजीत हे, शाळेतल्या हिंदीत हे, म्हणून मराठीतही हेच. मग ती पाठ करायला शिकली. कविता पाठ, धडे पाठ, प्रार्थना पाठ. मैत्रिणींना कधी संशय आला नाही.

आणि आता हे वाचनही पाठ. चुकली तर दोनशे माणसांत बापाची मान खाली. नाही चुकली तर विषय खलास. दोन्हीकडून मरण ते मरणच! गेले कितीतरी दिवस तिने याचा विचार करायचं टाळलं होतं. डॅडी खूश होतोय ना, मग बस, असं ती स्वतःला बजावत होती.

चर्चच्या दारातच जोकिमला माणसांनी गराडा घातला. त्याने आज कोट घातला होता, टाय लावला होता. “पंचवीस वर्षं, हं जोकिम! हबीबी, पार्टी पाहिजे!” कुणीतरी ओरडलं. जोकिमने मरिसाच्या खांद्यावर हात ठेवला. “पार्टी नंतर. आधी माझ्या पोरीचं वाचन ऐका. इथे जन्मलेली पोर, पण मराठी ऐकाल तर वाटेल, गासचीच.”

बापाचा हात गरम होता आणि त्याने खांदा नको तितका घट्ट धरला होता. त्यालाही भीती वाटते, हे मरिसाला तेव्हा कळलं.

वाचनाची व्यवस्था बघणाऱ्या ॲग्नेस मावशींनी तिला बाजूला घेतलं. “बाय, देवनागरी जमेल ना गं? रोमनमध्ये लिहून आणलंय मी. इथल्या पोरांना तसंच लागतं, त्यात काय लाजायचं?”

“जमेल, आंटी.”

प्रवेशगीत झालं, प्रार्थना झाली, सगळे बसले. मरिसा उठली. चपला वाजू नयेत म्हणून हळू चालली. वेदीशेजारच्या स्टँडवर मोठं पुस्तक उघडून ठेवलं होतं, खूण लावलेली. तिने माईक खाली ओढला आणि सुरुवात केली.

काय आवाज होता! मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही माना वर केल्या. तिसऱ्या बाकावर जोकिम ताठ बसला होता. गाडीत ऐकून ऐकून त्यालाही उतारा पाठ झाला होता आणि लेकीबरोबर त्याचे ओठ हलत होते. रोझलिनच्या हातात रोझरी होती आणि नजर जमिनीवर.

मरिसा बापाच्या ओठांकडे बघत बोलत होती. एक वाक्य गेलं, दुसरं गेलं. पुस्तकाकडे तिने अजून एकदाही पाहिलं नव्हतं आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आपण हे असंच शेवटपर्यंत नेऊ शकतो, तिच्या मनात आलं. घरी केक कापला जाईल. सोमवारी डॅडी मुग्धा मिसना फोन करून नको म्हणून सांगेल. मग दहावी येईल. समोर पेपर येईल, आणि त्या पेपरात मम्मीचा आवाज नसेल.

ती थांबली.

आधी कुणाला काही वाटलं नाही. वाचणारा कधी श्वास घेतो. मग शांतता लांबली. कुणीतरी खाकरलं. जोकिमचे ओठ पुढचे दोन शब्द एकटेच बोलून गेले आणि थांबले. त्याने भुवया उंचावल्या, बोल ना, म्हणून मान हलवली.

मरिसाने खाली पाहिलं. पानभर अक्षरं, सगळी अनोळखी. आपण कुठे आहोत, हेच तिला सापडेना. तिने बोट ठेवलं, ओळ शोधली. तळव्याला घाम फुटला होता, पानाला बोट चिकटत होतं.

“अ...” ती म्हणाली. “अभि... अभिव...”

“अभिवचन,” पहिल्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं. शब्द तिला ठाऊकच होता, पण तिने तो घेतला नाही.

“अभि... वचन. दि... दिले... आहे.”

आता कुजबुज वाढली. “दुबईची पोरं, मराठी कुठून येणार,” एक बाई हळहळल्या. ॲग्नेस मावशी तो रोमन कागद घेऊन लगबगीने वर आल्या आणि तिच्यापुढे धरून म्हणाल्या, “राहू दे बाय, हे वाच. सवय नसते गं, लोक समजून घेतात.”

किती सोपं होतं! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सगळं खापर दुबईवर फुटलं असतं आणि बापाची लाज राहिली असती. मरिसाला रडू येत होतं.

“नको, आंटी,” ती म्हणाली, आणि माईक चालू असल्यामुळे ते अख्ख्या चर्चने ऐकलं. “मला मराठी येतं. मला वाचायला वेळ लागतो. सॉरी. मी वाचते.”

ॲग्नेस मावशी फादरांकडे बघू लागल्या. फादरांनी, असू दे, म्हणून हात केला आणि ते खुर्चीत मागे टेकून बसले. ते टेकले म्हटल्यावर लोकही सावरून बसले. मुलं चुळबुळली, पंखे फिरत राहिले, आणि मरिसा एकेक अक्षर उचलत पुढे सरकत राहिली. कुठे ओळ सुटली, ती परत मागे गेली. एका शब्दापाशी इतका वेळ लागला की रोझलिनने डोळे मिटून घेतले. जोकिमने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

शेवटी ते संपलं. लोकांनी उत्तरादाखल म्हणायचं ते म्हटलं, थोडं विस्कळीत. मरिसा खाली आली. बाकाच्या कडेला जोकिम बसला होता. तो उठून बाहेर आला, तिला आत जाऊ दिलं, मग बसला. गायन सुरू झालं तसा तो पुढे बघतच पुटपुटला, “तुला पाठ होतं ना सगळं?”

“हो, डॅडी.”

“मग?”

“तसंच म्हटलं असतं तर तू मिसना हो म्हणाला नसतास. मला परीक्षेत टाइम पाहिजे, डॅडी. आय रिअली नीड इट.”

मिस्सा संपेपर्यंत त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि शांतीची खूण म्हणून सगळे एकमेकांचे हात हातात घेतात तेव्हाही त्याने तिचा हात नुसता धरला आणि सोडला.

बाहेर आवारात टेबलं मांडली होती. चहाचे थर्मास, तळलेले गोल फुगे, त्यांच्यासोबत झणझणीत चिकन इंद्याल. जोकिमचं अभिनंदन करायला रांग लागली. हॉटेलात इतरांच्या पाहुण्यांपुढे हसत उभं राहायची सवय त्याला होती, पण आज त्याला हसू जमत नव्हतं. मरिसा त्याच्या शेजारी पेपर प्लेट धरून उभी होती. खावंसं वाटत नव्हतं. जुन्या ओळखीच्या रुमाव अंकलनी जोकिमचा हात हलवला आणि आवाज खाली आणला.

“पोरगी घाबरली वाटतं रे. एवढं काही नाही. होतं असं.”

मरिसाने श्वास रोखला. जोकिमने रुमालाने कपाळ पुसलं, मान पुसली. टायची गाठ सैल केली.

“नाही,” तो म्हणाला. “घाबरली नाही. वाचत होती.”

“अं?”

“वाचत होती ती. तिला वेळ लागतो. डिसलेक्सिया म्हणतात त्याला.” हा शब्द त्याने पहिल्यांदाच तोंडाने उच्चारला आणि तोही अडखळतच. “दहावीला जास्त वेळ मागणार आहोत आम्ही.”

रुमाव अंकल, बरं, बरं म्हणत चहाकडे सरकले. रांगेत त्यांच्या मागे एक अनोळखी बाई होत्या. त्यांनी नुसतं “अभिनंदन” म्हटलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, त्या मिस्सेला उशिरा पोचल्या होत्या. जोकिमने त्यांचा हात हातात घेतला आणि कुणी विचारलेलं नसताना, फुटक्या आवाजात, त्यांनाही तेच सांगितलं.